सासूबाईंचा राहता पत्ता

मुळात गोंधळ सुरू झाला तो दारावरच्या आकड्यावरून. चष्मेवाल्याने भाड्याने घेतलेल्या घराच्या करारावर लिहिलं होतं चौदा, आणि दारावर पितळी आकड्यांत ठोकलेलं होतं बावीस. घरमालकाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "दोन्ही बरोबर आहेत," आणि एवढं सांगून त्याने फोन ठेवून दिला. त्या रस्त्याचे नंबर मध्ये कधीतरी बदलले होते. अर्ध्या लोकांनी नवीन लावले, अर्ध्यांनी जुनेच ठेवले, आणि पोस्टमन सगळ्यांना चेहऱ्याने ओळखत असल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. चष्मेवाल्याचं मात्र अडलं. घर बदललं की ठरलेल्या मुदतीत वॉर्ड ऑफिसात नवीन पत्त्याची नोंद करायची, असा नियम होता, आणि मुदत संपत आली होती.

चष्मेवाला सरळ मनाचा माणूस. बाजारपेठेच्या टोकाला त्याचं छोटं दुकान होतं; पुढे डोळे तपासायची खुर्ची, मागे काचा घासायचं यंत्र. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी धरायची आणि विचारायचं, "हे बरं की ते बरं?" गिऱ्हाईक कधी हे म्हणतं, कधी ते, कधी "परत एकदा दाखवा" म्हणतं, पण शेवटी त्यातून नंबर निघतोच. जगातले बाकीचे प्रश्नही साधारण असेच सुटत असावेत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

घरात माणसं तीन. तो, त्याची बायको आणि सासूबाई. बायको मोठ्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होती, आणि सध्या तिची रात्रपाळी चालू होती. सासूबाईंनी सगळी उमर एका लॉन्ड्रीत इस्त्री करण्यात घालवलेली. अजूनही बोलता बोलता त्यांचा तळहात समोरच्या कापडावरून फिरायचा, मग तो टेबलक्लॉथ असो की स्वतःचा पदर. सासरे गेल्यावर बरीच वर्षं त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. लिफ्ट नाही आणि गुडघे बोलायला लागलेले. लेकीने मनावर घेतलं. तळमजल्यावरचं तीन खोल्यांचं घर शोधलं, आईचं बिऱ्हाड आवरलं, आपलंही आवरलं, आणि एका रविवारी दोन्ही बिऱ्हाडं एका टेम्पोत घालून सगळे चौदा किंवा बावीस नंबरात राहायला आले.

"नोंदणीचं तू बघ," बायको म्हणाली. "आईला घेऊन जा. प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतः हजर राहायचं असतं म्हणे. माझी नंतर होईल, मी रात्रभर उभी असते आणि सकाळी मला माझं नावसुद्धा आठवत नाही."

तर चष्मेवाल्याने दुकानाला कुलूप लावलं, सासूबाईंना सोबत घेतलं आणि वॉर्ड ऑफिस गाठलं.

तिथे खिडक्या पुष्कळ होत्या. ज्या खिडकीवर "पत्ता बदल" लिहिलं होतं तिथे पाण्याच्या तक्रारी घेत होते, आणि पत्ता बदलायची सोय "इतर" अशा पाटीखाली होती. त्या खिडकीत एक कारकूनबाई बसल्या होत्या. आवाज शांत, केस घट्ट बांधलेले, समोर कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी एका कुंडीत हट्टाने जगलेलं रोप.

"चौदा नंबरात तर बेकरी आहे," कारकूनबाई करार बघून म्हणाल्या.

"ती नवीन चौदा. आमचं जुनं चौदा. म्हणजे नवीन बावीस."

"आणि जुनं बावीस?"

"ते मला माहीत नाही हो."

कारकूनबाईंनी नकाशा उघडला, कुणालातरी आतल्या खोलीत जाऊन विचारून आल्या, आणि पुष्कळ वेळाने बावीस हा आकडा मंजूर झाला. चष्मेवाल्याला घाम फुटला होता, पण आता गाडी रुळावर आली असं त्याला वाटलं. कारकूनबाईंनी त्याला विचारलं, या पत्त्यावर राहता का, कधीपासून, स्वतःच्या इच्छेने का. त्याने हो, गेल्या महिन्यापासून, हो, अशी उत्तरं दिली. मग त्या सासूबाईंकडे वळल्या.

"आजी, तुम्ही या पत्त्यावर राहता?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. "सासूबाई, आपल्या घराबद्दल विचारतायत त्या. नव्या घराबद्दल."

"समजलं मला. मी तिथे राहत नाही."

"मग कुठे राहता?" कारकूनबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी जुन्या इमारतीचा पत्ता घडाघडा सांगितला. रस्ता, नंबर, जिना, मजला, डावीकडचं दार. वर हेही सांगितलं, की घंटी वाजत नाही, दार ठोठावावं लागतं.

"अहो, पण ते घर तर आपण सोडलं ना!" चष्मेवाला म्हणाला.

"घर सोडलं. राहणं कुठे सोडलंय?"

कारकूनबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "आजी, असा रकाना नाहीये माझ्याकडे."

"मग नका भरू," सासूबाई समजुतीने म्हणाल्या, आणि खिडकीच्या कठड्यावर तळहात फिरवून न दिसणाऱ्या सुरकुत्या काढू लागल्या.

चष्मेवाल्याने मध्ये पडून पाहिलं. त्या आमच्याकडेच राहतात, आमच्याच घरात झोपतात, सकाळचा चहा त्यांनीच केला, असं सगळं सांगितलं. कारकूनबाईंनी मान हलवली. "तुम्ही सांगून नाही चालत. मोठ्या माणसाचं त्याच्याच तोंडून हवं. त्या नाही म्हणतात म्हटल्यावर मी हो कसं लिहू?" शेवटी चष्मेवाल्याची एकट्याची नोंद झाली आणि सासूबाईंच्या कागदावर "प्रलंबित" असा शिक्का बसला. परतताना बसमध्ये सासूबाई खिडकीतून बाहेर बघत शांत बसल्या होत्या. जणू डॉक्टरकडे जाऊन नुसतं वजन करून आल्या होत्या.

घरी आल्यावर बायकोला काय सांगावं हे चष्मेवाल्याला सुचेना. ती झोपून उठली होती आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती.

"झालं का?"

"माझं झालं. सासूबाईंचं जरा राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

"म्हणजे, त्या म्हणाल्या की त्या इथे राहत नाहीत."

बायकोने कप खाली ठेवला. तिचा चेहरा एकदम उतरला, आणि चष्मेवाल्याच्या लक्षात आलं की आपण जे सांगितलं ते तिने भलत्याच अर्थाने घेतलं. "मला वाटतच होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "परवा दिव्याचं बटण भिंतीवर दुसऱ्याच बाजूला शोधत होती. आणि रोज सकाळी चप्पल घालताना काय म्हणते, ऐकलंयस? 'घरी जाऊन येते.' मी म्हटलं, बोलण्याच्या ओघात म्हणत असेल. विसरायला लागली रे आई."

चष्मेवाल्याला हे पटलं. पटलं म्हणजे, त्यामुळे निदान वॉर्ड ऑफिसातला प्रकार समजण्यासारखा झाला. दुसऱ्या बाजूने त्याला सासूबाईंनी सांगितलेला पत्ता आठवत होता. विसरायला लागलेलं माणूस इतका चोख पत्ता सांगतं का? की जुनंच तेवढं चोख आठवतं? तो एकदा इकडे, एकदा तिकडे करत राहिला. दुकानात एका गिऱ्हाइकाला त्याने त्या दिवशी तीच काच दोनदा दाखवली आणि विचारलं, "हे बरं की ते बरं?" गिऱ्हाईक म्हणालं, "दुसरी जास्त चांगली." त्यामुळे त्याच्या डोक्यातला गोंधळ आणखीच वाढला.

बायकोने ओळखीच्या डॉक्टरांकडे आईला नेलं. बरोबर चष्मेवालाही होता. डॉक्टरांनी सासूबाईंना वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने परत विचारली. सासूबाईंनी पाचही सांगितली. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही मघाशी लेकीला सांगितलंत की गोळी जेवणानंतर घ्यायची. चिठ्ठीवर मात्र जेवणाआधी लिहिलंय."

डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, खोडली आणि नवीन लिहिली. "यांचं डोकं ठणठणीत आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बरं आहे."

दुसऱ्या एखाद्या लेकीला आनंद झाला असता. बायको मात्र रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि तिला काही सुधरेना. आई पुढे चालत होती, मागे दोघं. "ठणठणीत आहे, तर मग असं का म्हणते?" बायको पुटपुटली. चष्मेवाल्याला वाटलं, सरळ विचारून टाकावं. पण ज्या कुटुंबात इतकी वर्षं सासूबाई आणि जावई एकमेकांशी फक्त चहा, हवा आणि पेपरातल्या बातम्या बोलत आले होते, तिथे हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा, हेच ठरत नव्हतं.

"रोज सकाळी जाते कुठे, ते बघ तरी," बायको म्हणाली. "मी जागी असते तर मीच गेले असते."

अशा रीतीने चष्मेवाला, ज्याने आयुष्यात कुणाचं पत्रसुद्धा चोरून वाचलं नव्हतं, तो एका सकाळी स्वतःच्या सासूच्या मागावर निघाला. डोक्यावर टोपी घातली आणि रस्त्याच्या पलीकडून चालायला लागला. सासूबाई गुडघ्यांना सांभाळत, पण न अडखळता बसथांब्यावर पोचल्या. त्या पुढच्या दाराने चढल्या, हा मागच्या दाराने. बस गावाच्या मध्यातून, नदीवरच्या पुलावरून, कारखान्यांच्या भिंतींच्या कडेने दुसऱ्या टोकाला निघाली. चष्मेवाला एका जाड माणसाच्या आड उभा होता. उतरायची जागा आली तशा सासूबाई उठल्या आणि मागे न बघता मोठ्याने म्हणाल्या, "जावईबापू, मागच्याच दाराने उतरा. पुढचं दार अडकतं."

जाड माणसाने वळून चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याने टोपी काढली.

मग लपण्यात अर्थ उरला नाही. दोघं जुन्या इमारतीकडे बरोबर चालत गेले. सासूबाईंनी ना रागावून विचारलं ना हसून, त्या फक्त म्हणाल्या, "आलाच आहात तर पिशवी धरा." पिशवीत पाव होता आणि मांजराचं खाणं.

इमारतीच्या तळमजल्यावर उजव्या हाताला ब्रेकबाई राहायच्या. त्यांनी हयातभर गाडी चालवायला शिकवलं होतं, आणि अर्ध्या वस्तीने त्यांच्या शेजारी बसून "ब्रेक! ब्रेक!" ही आरोळी ऐकली होती. नाव कायमचं तेच पडलं. आता गाडी गेली होती, आवाज राहिला होता.

"आलीस का?" ब्रेकबाई आतूनच ओरडल्या. "दुसऱ्या मजल्याच्या मीटरसाठी गॅसवाला दोनदा येऊन गेला. मी त्याला सांगितलं, बाई आल्याशिवाय काही होणार नाही."

त्यांच्या दारामागे भिंतीवर खिळे होते आणि खिळ्यांवर किल्ल्या. इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची एक. चष्मेवाल्याने ही भिंत आधी कधी पाहिली नव्हती. पूर्वी या किल्ल्या तिसऱ्या मजल्यावर, सासूबाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराआड होत्या, आणि तो सणासमारंभाला म्हणून येणारा जावई, स्वयंपाकघरात कधी गेलाच नव्हता. सामान हलवायच्या आदल्या दिवशी किल्ल्या खाली आल्या आणि लेकीला रिकामे खिळे तेवढे दिसले.

पुढची सगळी सकाळ चष्मेवाला एका स्टुलावर बसून बघत राहिला. सासूबाईंनी गॅसवाल्याला जिन्याखालचं मीटर दाखवलं. पहिल्या मजल्यावरचं मांजर खाली आलं, त्याला खायला घातलं, त्याची मालकीण गावाला गेली होती. एका ड्रायव्हरची बायको धावत आली, तिला स्वतःच्याच घरात जायचं होतं आणि किल्ली आतच राहिली होती. सासूबाईंनी न बघता हात मागे नेऊन बरोबर खिळ्यावरची किल्ली काढून दिली. एका म्हाताऱ्या सुताराच्या डोळ्यांत औषध घातलं, कारण त्याचा हात थरथरायचा. औषध घालताना त्या त्याला रागावत होत्या आणि तो खुशीत ऐकून घेत होता. जिन्याची पायरी त्या चढल्या नाहीत. वरचं काम असलं की वरून कुणीतरी खाली यायचं, नाहीतर ब्रेकबाई खालून हाक मारायच्या आणि ती हाक छपरापर्यंत जायची.

काम थोडं थांबलं तेव्हा चष्मेवाल्याने विचारलं. बरेच दिवस घशात अडकलेला प्रश्न होता, त्यामुळे तो जरा वेडावाकडाच बाहेर पडला. "सासूबाई, तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"की तुम्हाला यायचं नव्हतं."

सासूबाईंचा हात मांडीवरच्या कापडावरून एकदा फिरला. "मला कुणी विचारलं? ती आली खोकी घेऊन. 'आई, हे पातेलं न्यायचं की टाकायचं?' पडद्यांचं विचारलं, जुन्या गादीचं विचारलं. फुटक्या बरणीचंसुद्धा विचारलं. मला न्यायचं का, ते तेवढं विचारलं नाही."

"पण तिने सगळं तुमच्यासाठीच..."

"ते मला कळत नाही का? म्हणूनच तर काही बोलले नाही. माझं पोर इतक्या कौतुकाने खोली दाखवत होतं, खिडकी उघडून, बंद करून. तिच्या तोंडावर कसं म्हणू?" त्या थांबल्या. "मग त्या ऑफिसातल्या बाईने विचारलं. सरळ विचारलं, राहता का, इच्छेने राहता का. एवढ्या दिवसांत विचारणारं पहिलं माणूस ते. विचारल्यावर खोटं कसं बोलायचं?"

"मग आता?"

"आता माझी आतली खोली रिकामी आहे," ब्रेकबाई दारातून म्हणाल्या. त्यांनी हळू बोलायचा प्रयत्न केला होता असं वाटलं. "तळमजला आहे. गुडघ्यांना काही नाही. मी हिला पहिल्या दिवसापासून सांगतेय, आणि ही म्हणते लेकीला वाईट वाटेल. मी म्हणते, वाटू दे थोडं!"

"तुम्ही सांगा तिला," सासूबाई चष्मेवाल्याला म्हणाल्या. "मी सांगायला गेले की ती रडते. ती रडली की मी हो म्हणते. लहानपणापासून असंच चाललंय."

चष्मेवाला परतीच्या बसमध्ये बसला तेव्हा त्याच्या डोक्यात नुसता कालवा झाला होता. सासूबाईंचं ऐकताना त्याला त्यांचं सगळं पटलं होतं. पूल ओलांडून बस अलीकडे आली तसं त्याला बायकोचं पटायला लागलं. तिने किती घरं पाहिली होती! रात्रपाळी करून, सुजलेल्या पायांनी. पायरी किती उंच आहे हे बघायला प्रत्येक दारात स्वतः चढून-उतरून पाहायची. मग चूक कुणाची? चूक झाली तरी होती का? आणि समजा कुणाचीच नव्हती, तर सगळ्यांना वाईट वाटण्यासारखं का झालं होतं? त्याचा उतरायचा थांबा मागे गेला, हे त्याला दोन थांबे पुढे गेल्यावर कळलं.

बायकोला सांगायला त्याने तिच्या सुट्टीची दुपार निवडली. ती भाजी निवडत होती. त्याने किल्ल्यांपासून सुरुवात केली, मग मांजर, सुतार, ड्रायव्हरची बायको, आणि मुद्द्याशी यायच्या आत ती म्हणाली, "म्हणजे आई त्या लोकांची फुकट नोकरी करते?"

"नाही गं, तसं नाही."

"मग कसं?"

त्याने ब्रेकबाईंच्या रिकाम्या खोलीचं सांगितलं, मग पातेल्याचं, पडद्यांचं, बरणीचं. शेवटचं वाक्य सांगताना तो भाजीकडे बघत राहिला. बायकोने हातातली जुडी खाली ठेवली.

"खिडकीची खोली तिला दिली," ती मग म्हणाली.

"हो."

"आपल्या खोलीपेक्षा मोठी."

"हो."

"बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. मी स्वतः उभं राहून बसवून घेतला."

"माहीत आहे मला."

"मग तिला आणखी काय हवं होतं?"

चष्मेवाला एक देठ उचलून निवडायला लागला. बायको त्याच्यावरच चिडली. तू तिच्या बाजूचा, तू माझ्या मागे तिच्याशी खलबतं करतोस, तुला काय, तुझी आई असती तर कळलं असतं. मग उठून तिने धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले. संध्याकाळी सासूबाई आल्या, तेव्हा तिघं एकत्र जेवले, हवेबद्दल बोलले, आणि मुद्द्याचं कुणीच काही बोललं नाही. चष्मेवाल्याला वाटलं, आता बहुतेक हे असंच राहणार.

पण वॉर्ड ऑफिस थांबायला तयार नव्हतं. प्रलंबित कागदाची आठवण करून देणारी नोटीस आली, आणि बायकोचीही नोंद व्हायची होती. तेव्हा एका सकाळी तिघंही गेले. बायको रात्रपाळीवरून थेट तिथे आली होती, युनिफॉर्मवर स्वेटर घालून. "इतर" पाटीखालच्या कारकूनबाईंनी त्यांना ओळखलं आणि कुंडी जरा बाजूला सरकवली.

बायकोची नोंद चटकन झाली. मग सासूबाईंची पाळी.

"आजी, तुम्ही या पत्त्यावर राहता?"

"हो, राहते ती," बायको म्हणाली.

"त्यांच्याच तोंडून हवं."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक समोरच्या पाटीकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. ते जागरणाने की आणखी कशाने, हे चष्मेवाल्यालाही सांगता आलं नसतं. सासूबाईंनी पदर सारखा केला.

"हो," त्या म्हणाल्या. "राहते."

कारकूनबाईंची बोटं कीबोर्डवर गेली. हे चांगलं झालं की वाईट, हे चष्मेवाल्याला कळेना. सगळं सुरळीत होत होतं, आणि त्याला ओरडावंसं वाटत होतं. पण तो काही बोलायच्या आत बायको बोलली.

"थांबा," ती म्हणाली. "लिहू नका."

"का?"

"ती माझ्यासाठी हो म्हणतेय." बायकोने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. "आई, खरं सांग. मी नाही रडत."

"रडतेयस की."

"रडू दे मला. तू खरं सांग."

मागे रांग होती. रांगेतल्या एका गृहस्थाने घड्याळ बघितलं, दुसऱ्या बाईंनी त्याला कोपराने ढोसलं. सासूबाईंनी कठड्यावरून तळहात फिरवला. आजवर त्यांच्या लेकीने त्यांना असं कधी विचारलं नसावं, किंवा विचारलं असेल तर उत्तर ऐकायला अशी थांबली नसावी, कारण त्या एकदम ओशाळल्यासारख्या दिसायला लागल्या.

"दिवसा नाही राहत," त्या शेवटी म्हणाल्या. "रात्री राहते. तुझ्या घरात मला झोप चांगली लागते, ते खोटं नाही. पण सकाळी उठले की मला कळतच नाही की आता मी काय करू. कप विसळून होतात. मग मी खिडकीशी बसते. खिडकी चांगली आहे गं. पण रस्त्यावरून जाणारं एकही माणूस माझ्या ओळखीचं नाही."

कारकूनबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आजी, नियम असा आहे की माणूस जिथे झोपतं तो त्याचा पत्ता. दिवसा तुम्ही कुठेही असा."

"मग मी झोपायचं ठिकाण बदललं तर?"

"तर पत्ता बदलेल. पण ज्या घरात जाल, त्या घरातल्या माणसाची संमती लागेल."

बायकोने आईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "ब्रेकबाईंचा फोन नंबर आहे का तुझ्याकडे?"

होता. चष्मेवाल्याने फोन लावला आणि कारकूनबाईंच्या हातात दिला. कारकूनबाईंनी कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला. "राहू दे म्हणावं! कधीचं सांगतेय!" हे वाक्य रांगेतल्या शेवटच्या माणसाने ऐकलं, आणि पाण्याच्या खिडकीतल्या कारकुनानेही मान वर केली. तरी संमती लेखीच लागणार होती. ती दुसऱ्या दिवशी आली, वळणदार अक्षरात, खाली दोनदा सही करून.

सासूबाईंचं सामान परत गेलं ते एका लहान गाडीतून. पलंग चष्मेवाल्याने आणि गाडीच्या ड्रायव्हरने उचलला. या खेपेस बायकोने एकही वस्तू न्यायची की टाकायची असं विचारलं नाही. आईने काढून ठेवलं तेवढंच तिने बांधलं. पडदे मात्र सासूबाईंनी खिडकीवरच राहू दिले. ब्रेकबाईंच्या घरी सगळं लावून झाल्यावर बायकोला कुठे बसावं हेच कळेना. आईचं घर म्हणावं तर ते ब्रेकबाईंचं, पाहुणी म्हणावं तर पलंगावर आईची चादर. ती थोडा वेळ उभी राहिली, मग तीच स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवू लागली, आणि ब्रेकबाईंनी तिला "साखर डावीकडे! डावीकडे!" असं ओरडून सांगितलं.

काही दिवसांनी पोस्टाने नोंदणीचे दाखले आले. बायकोच्या दाखल्यावर बावीस नंबर बरोबर होता. चष्मेवाल्याने स्वतःचा उघडला आणि वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. सासूबाईंचा जुना अर्ज त्याच्याच फायलीत होता, त्यामुळे पत्ता बदलताना दोघांचाही बदलला गेला होता. सरकारदरबारी तो आता आपल्या सासूबरोबर ब्रेकबाईंच्या आतल्या खोलीत राहत होता, आणि बायको तीन खोल्यांच्या घरात एकटी.

बायको आधी हसली. मग हसता हसता दमली आणि खुर्चीवर बसली. "मग जातोस का तिकडे?" तिने विचारलं.

"तू म्हणशील तसं," तो गडबडून म्हणाला.

"मी काय म्हणणार! माझंच मला कळत नाहीये." तिने मान खिडकीच्या खोलीकडे वळवली. दार उघडं होतं, आत पडदे होते आणि जमिनीवर पलंगाच्या पायांचे चार डाग. "त्या खोलीचं काय करायचं, तेही ठरवायचंय. सकाळी पाळीवरून आले की तिथे झोपावं म्हणते. रस्ता शांत आहे. पण आत गेले की वाटतं, आईला विचारायला हवं होतं. आता तर ती तिची खोलीही नाही."

चष्मेवाल्याने दाखला घडी करून खिशात ठेवला. वॉर्ड ऑफिस उघडायला अजून अवकाश होता आणि दुकानात सुताराच्या नवीन चष्म्याच्या काचा घासायच्या बाकी होत्या. आधी कुठे जावं याचा विचार करत तो दाराशी बराच वेळ एका पायात चप्पल घालून उभा राहिला.